चाळीस मिनिटं आधी

डॉ. शर्वरी खलाटेचा उजवा हात खांद्यापर्यंत गाईच्या पोटात होता आणि बोटांना वासराचा कान लागला होता. पुढचे दोन्ही पाय वाटेवर आलेले, पण मान मागे वळलेली. मान सरळ करायची, दोरी अडकवायची आणि मग ओढायचं. वीस-पंचवीस मिनिटांचं काम. फलटण तालुक्यात पंधरा वर्षं जनावरांची डॉक्टरकी करताना अशी वासरं तिनं कितीतरी बाहेर काढली होती.

तेवढ्यात गळ्याखालच्या हाडाजवळ चिकटवलेली चकती थरथरली. दोनदा लांब, एकदा आखूड.

शर्वरीचा हात जागीच थांबला.

"काय झालं, डॉक्टरबाई?" गाईची मालकीण मालन जगताप शेपटी बाजूला धरून उभी होती.

"काही नाही. कान सापडलाय."

पण आता तिचं लक्ष कानावर नव्हतं. चाळीस मिनिटं. चाळीस मिनिटांच्या आत कधीही झटका येणार. काम पंचवीस मिनिटांचं, म्हणजे जमायला हवं. पण मान अडकली तर? दोरी निसटली तर? हात आत असताना श्वास कोंडला, डोळ्यांपुढे अंधारी आली तर? तिला स्वतःच्या छातीतले ठोके ऐकू यायला लागले. तीन मिनिटांत तिनं हात बाहेर काढला.

"मला तातडीचा फोन आलाय. दुसऱ्या डॉक्टरांना पाठवते, लगेच."

"अहो, आत्ता कुठं निघालायसा? हिला अशी ठेवून?"

शर्वरीनं कोपरापर्यंत कसेबसे हात धुतले आणि गाडीत बसली. कॅनॉलच्या कडेला, बाभळींच्या आडोशाला तिनं गाडी उभी केली. बाराव्या मिनिटाला झटका आला. बोटांना मुंग्या, घशात गोळा, छातीवर कुणीतरी बसल्यासारखं ओझं आणि दर वेळेसारखी तीच खात्री, की आज मी मरणार. पंधरा मिनिटांनी सगळं ओसरलं. घामानं भिजलेल्या कपड्यांत ती स्टिअरिंगवर डोकं टेकून बसून राहिली.

दुसरे डॉक्टर लोणंदला होते. त्यांना पोचायला दोन तास लागले. तोवर वासरू गेलं होतं. गाय वाचली, पण सहा दिवस उभी राहिली नाही.

*

सुरुवात गेल्या वर्षीच्या जूनमध्ये नीरेच्या पुलावर झाली होती. गाडी चालवताना, काही कारण नसताना, शर्वरीचं हृदय एकदम धावायला लागलं. तिला वाटलं, हार्ट अटॅक. तपासण्या झाल्या. हृदय उत्तम, थायरॉइड ठीक, रक्त ठीक. "पॅनिक अटॅक आहे," डॉक्टर म्हणाले, "यानं कुणी मरत नाही." हे ऐकून तिला बरं वाटलं, ते पुढच्या झटक्यापर्यंत. मग तो बाजार समितीत आला, शाळेच्या पालकसभेत आला, एकदा दात घासताना आला. झटका दहा-पंधरा मिनिटांचा, पण पुढचा कधी येईल या विचारात दिवसचे दिवस जायला लागले.

मग तिला पुण्यातले मनोविकारतज्ज्ञ डॉ. फारूख मुजावर भेटले. एका खासगी संशोधन केंद्रात ते एका नव्या यंत्राची चाचणी घेत होते.

"मेंदूत बदामाएवढा एक भाग असतो," त्यांनी पहिल्याच भेटीत सांगितलं. "त्याचं काम धोक्याची घंटा वाजवणं. साप दिसला की तो घंटा वाजवतो, ॲड्रेनलिन सुटतं, नाडी वाढते, श्वास वाढतो. पळायची तयारी. तुमच्या बाबतीत साप नसताना घंटा वाजते. मग श्वास उगाच जोरात चालतो आणि रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. म्हणून मुंग्या येतात, गरगरतं. ते बघून मेंदू म्हणतो, बघा, धोका आहेच. घंटा आणखी जोरात."

"आणि हे कुठूनही, कसंही सुरू होतं," शर्वरी म्हणाली.

"तसं वाटतं. पण नीट मोजलं तर अर्धा-पाऊण तास आधीपासून श्वासात आणि नाडीत बारीक बारीक चढउतार सुरू झालेले दिसतात. माणसाला जाणवत नाहीत इतके बारीक. हे यंत्र ते टिपतं."

यंत्राचं नाव होतं 'चाहूल'. रुपयाच्या नाण्याएवढी चकती. त्वचेतून कार्बन डायऑक्साइड मोजायची, नाडीचा ताल पाहायची आणि चाळीस मिनिटं आधी थरथरून सांगायची. चाचणी नऊ महिन्यांची. शर्वरीनं अकरा पानी संमतिपत्रावर सही केली. शेवटच्या पानावर घरातल्या दोन माणसांची नावं लिहायची होती. इशारा त्यांच्याही फोनवर जाणार होता. तिनं नवऱ्याचं आणि मुलीचं नाव लिहिलं.

पहिले दोन महिने तिला वाटलं, आपण सुटलो. चकती थरथरली की ती काम आवरून बाजूला व्हायची, गाडीच्या काचा वर करायची, झटका येऊन जायचा. कुणाला पत्ता लागत नसे. झटके वाढलेत, हे तिच्या लक्षात आलं होतं. पण आता ते वेळ सांगून येत होते, आणि तेवढंच तिला पुरेसं होतं.

मग तिनं लांबचे कॉल घेणं सोडलं. इशारा आल्यावर घरी पोचता आलं पाहिजे, म्हणजे घरापासून चाळीस मिनिटांच्या पलीकडे जायचं नाही. नकाशावर तिनं तसं वर्तुळही काढलं. मेमध्ये ते वीस मिनिटांवर आलं.

*

घरातही बदल झाला होता. तो शर्वरीच्या उशिरा लक्षात आला.

नवरा रणधीर कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायचा. बोलका, भांडकुदळ, हरला तरी वाद न सोडणारा माणूस. अलीकडे तो "हं, चालेल" म्हणून ताट उचलायचा. तेरा वर्षांची रेवा खो-खो खेळायची. घरात शिरली की दप्तर फेकून दिवसभराचं सगळं एका दमात सांगायची. तीही हल्ली आधी फोन बघायची आणि मग आईकडे.

जूनच्या एका रविवारी रेवाच्या कपाटात इस्त्रीचे कपडे ठेवताना शर्वरीला एक छापील पत्र सापडलं. पुण्याच्या निवासी क्रीडा प्रबोधिनीचं. निवड झाल्याचं. प्रवेशाची शेवटची तारीख तीन आठवड्यांपूर्वी उलटून गेली होती.

रणधीर हॉलमध्ये पेपर तपासत होता. तिनं पत्र त्याच्या समोर ठेवलं.

"हे काय आहे?"

त्यानं लाल पेनाला टोपण लावलं. "नाही म्हणून कळवलं आम्ही."

"आम्ही म्हणजे कोण?"

"मी आणि रेवा. तिलाही जायचं नव्हतं."

"जायचं नव्हतं? गेली तीन वर्षं ती दुसरं काही बोलत नाही, रणधीर!"

"तू कशी राहिली असतीस तिच्याशिवाय? आत्ताच आठवड्याला एक-दोन... तुला त्रास नको म्हणून केलं."

"मला विचारायचं तरी!"

"विचारणार कधी? जरा काही बोलायला गेलं की हे..." टेबलावरचा त्याचा फोन थरथरला. दोनदा लांब, एकदा आखूड. त्याच क्षणी शर्वरीच्या गळ्याखालीही. रणधीरनं तोंड मिटलं आणि लाल पेन उघडलं.

"बोल," शर्वरी म्हणाली.

"नंतर बोलू."

"आत्ता बोल. जे मनात असेल ते."

"शर्वरी, प्लीज. तू आत जाऊन पड."

आतल्या खोलीच्या दारात रेवा उभी होती. तिच्या हातात पाण्याचा ग्लास होता. इशारा आल्याबरोबर भरून आणलेला, सवयीनं. त्या ग्लासकडे पाहून शर्वरीला जे वाटलं, ते झटक्याहून वाईट होतं. झटकाही आलाच, आठव्या मिनिटाला.

*

जुलैत चाचणी संपली. डॉ. मुजावरांनी सगळ्या सहभागींना एकेक करून बोलावलं. शर्वरी रणधीरला सोबत घेऊन पुण्याला गेली. वर्तुळाबाहेर एकटीनं जायची तिची हिंमत नव्हती.

मुजावरांनी समोरचा पडदा तिच्याकडे वळवला. "संमतिपत्राच्या सहाव्या पानावर लिहिलं होतं की सहभागींचे तीन गट केले जातील. एका गटाला खरे इशारे. दुसऱ्या गटाला संगणकानं चिठ्ठ्या काढल्यासारखे, कुठल्याही वेळी दिलेले इशारे. तिसऱ्या गटात फक्त मोजमाप, इशारा नाही. कोण कुठल्या गटात, हे मलाही काल कळलं. तुम्ही दुसऱ्या गटात होतात."

"म्हणजे?"

"तुमच्या इशाऱ्यांचा तुमच्या शरीराशी संबंध नव्हता."

रणधीर खुर्चीत पुढे सरकला. "पण झटके येत होते! आम्ही डोळ्यांनी बघितलेत."

"झटके खरेच होते." मुजावरांनी पडद्यावरच्या रेषा दाखवल्या. "नऊ महिन्यांत चौसष्ट इशारे, त्यांतल्या एक्कावन्न वेळा झटका आला. ही रेष बघा. इशाऱ्याच्या आधी श्वास शांत, नाडी शांत. इशारा मिळाला आणि पाच मिनिटांत दोन्ही चढायला लागले. वाट बघण्यानं ते घडलं. आता येणार, आता येणार, असं आत लक्ष लावून बसलं की साधा ठोकाही मोठा ऐकू येतो."

"ज्यांना खरे इशारे मिळत होते, त्यांचं काय?" शर्वरीनं विचारलं.

"त्यांचेही झटके वाढले. तुमच्याइतके नाहीत, पण वाढले. नुसतं मोजलं, सांगितलं काहीच नाही, त्या गटात तेवढेच राहिले."

गावाकडच्या प्रत्येक गोठ्यात आता पट्टे होते. गाय कधी विणार ते सहा तास आधी कळवणारे. ते गळ्यात घालायला शर्वरीनंच लोकांना शिकवलं होतं. "आमचा पट्टा मालकाला सांगतो," ती म्हणाली. "गाईला कुणी सांगत नाही."

मुजावरांनी पुढची रेष उघडली.

"अकरा एप्रिल," शर्वरी म्हणाली. "सकाळी सव्वाअकरा. ते काढा."

त्यांनी ते शोधलं. "श्वास मिनिटाला पंधरा. नाडी अठ्ठ्याऐंशी, कामात असताना असते तेवढीच. काहीही नव्हतं, डॉक्टर. संगणकानं काढलेली वेळ होती ती."

"तिथं एक वासरू मेलं. माझा हात त्याच्या कानाला लागला होता."

मुजावरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "हे मला माहीत नव्हतं."

"तुमच्या फॉर्मवर वासराचा रकानाच नव्हता," शर्वरी म्हणाली आणि उठली.

परतीच्या वाटेवर सासवडजवळ रणधीर म्हणाला, "मी त्यांच्यावर केस करेन." आणि थोड्या वेळानं, अगदी वेगळ्या आवाजात, "रेवाचं मी काय करून बसलो गं?"

*

दुसऱ्या दिवशी शर्वरी मालनकडे गेली. ओट्यावर बसून सगळं सांगितलं. चकतीचं, इशाऱ्याचं, चिठ्ठ्यांचं. मालन शेंगा फोडत ऐकत होती.

"म्हंजे ते यंत्र खोटं बोललं?"

"हो. आणि मीही. मला फोन आलाच नव्हता."

"ते मला तवाच कळलं. फोन गाडीत हुता की तुमचा." मालननं टरफलं बाजूला सारली. "तुमाला बरं वाटंना, तर तसं सांगायचं. मी शेजारच्यांना हाक मारली असती. तुमी बाजूला बसून सांगितलं असतं, आमी हात घातला असता. जगलं असतं, नसतं, ते निराळं. पण तुमी गेल्यावर दोन तास मी शेपटी धरून बसले, डॉक्टरबाई. एकटी."

मालननं चहा विचारला नाही. पुढंही ती दुसऱ्याच डॉक्टरांना बोलावत राहिली.

चकती काढली म्हणून झटके थांबले नाहीत. उलट पहिले आठ दिवस शर्वरी स्वतःच स्वतःची चकती झाली. तासातासाला मनगट धरून नाडी मोजायची. शेवटी तिनं मुजावरांना फोन केला. राग गेलेला नव्हता, पण त्यांच्याशिवाय हे कळणारं दुसरं माणूस तिला माहीत नव्हतं.

"एक जुनाच उपाय आहे, यंत्राविना," ते म्हणाले. "ज्याची भीती वाटते ते मुद्दाम घडवायचं. गरगरण्याची भीती, तर खुर्चीत बसून गरगर फिरायचं. श्वास कोंडण्याची भीती, तर बारीक नळीतून श्वास घ्यायचा. आणि मग पळायचं नाही, पाणी नाही, आडवं पडायचं नाही. शरीर आपसूक खाली येतं. ते येतं, हे मेंदूला पुन्हा पुन्हा दाखवायचं. तुम्ही बैलामागे धावता तेव्हा नाडी दीडशेला जात असेल, नाही का? तेव्हा घाबरता का?"

"तेव्हा बैल असतो समोर."

"तेच. नाडी तीच. फक्त बैल नसतो."

रणधीरच्या टेबलाची फिरती खुर्ची हॉलच्या मधोमध आली. पहिल्या दिवशी फिरवायला रणधीर उभा राहिला आणि दोन फेऱ्यांत थांबला. "मला नाही जमणार. तुझा चेहरा बघवत नाही."

"सरका बाबा," रेवा म्हणाली. खो-खोच्या सरांचं स्टॉपवॉच तिनं मागून आणलं होतं. "एक मिनिट. आई, डोळे उघडे ठेवायचे. रेडी?"

मिनिट संपलं तेव्हा खोली फिरत होती, हाताला मुंग्या होत्या, आणि तो येत होता. शर्वरीनं खुर्चीचे हात घट्ट धरले. "रेवा, पाणी..."

"नाही," रेवा म्हणाली. आवाज कापत होता, पण ती जागची हलली नाही. "डॉक्टर काका नाही म्हणालेत. तीन मिनिटं झाली. बोल माझ्याशी."

"काय बोलू?"

"मी प्रबोधिनीला पुढच्या वर्षी पुन्हा चाचणी देणार आहे. आणि निवड झाली तर जाणार आहे. तुला झटका आला तरी."

शर्वरीच्या डोळ्यांत पाणी आलं, छाती धडधडत होती, आणि तशातच तिला हसू आलं. अकराव्या मिनिटाला ठोके उतरले. स्वयंपाकघरात रणधीरनं त्या दिवशी सगळी भांडी दोनदा घासली.

ऑगस्टमध्ये दिवसाला तीन वेळा खुर्ची. सप्टेंबरात नळी. ऑक्टोबरात एकटी नीरेच्या पुलावर, तीनदा ये-जा. काही दिवस चांगले गेले, काही फार वाईट. नोव्हेंबरात एकदा तिनं गाडी वळवून परत आणली आणि दोन दिवस कुणाशी बोलली नाही. रणधीर तिसऱ्या दिवशी तिच्याशी टाकीच्या पाण्यावरून कडाडून भांडला. ते भांडण चालू असताना झटका आला. तरीही तो बोलायचा थांबला नाही, आणि तीही.

पुढच्या जूनमध्ये रेवा पुण्याला गेली.

*

आणि जुलैत शर्वरीला म्हसवडच्याही पलीकडून फोन आला. दीड तासाची वाट. धुळाजी कोकरे नावाच्या म्हाताऱ्याची म्हैस कालपासून कळा देत होती, पण पाणमोट, म्हणजे पिलाभोवतीची पाण्याची पिशवी, दिसत नव्हती. जवळचे डॉक्टर रजेवर होते. शर्वरी निघाली.

माळावर एकच घर, त्यापुढं म्हैस आडवी पडलेली. शर्वरीनं हात घातला आणि तिला लगेच कळलं. वाट मळसूत्रासारखी वळलेली. गर्भाशयाला पीळ पडला होता. कुलपाची चावी आतल्या आत फिरावी तसा.

"आजोबा, लांब फळी आहे का? आणि पाच-सहा माणसं लागतील."

शेजारच्या वस्तीवरून माणसं आली. म्हशीचे पाय बांधले, पोटावर फळी टेकवली, फळीवर एकाला उभं केलं. शर्वरीनं सांगितल्या दिशेला सगळ्यांनी म्हैस लोळवली. पोट फळीनं दाबून धरायचं आणि शरीर फिरवायचं, म्हणजे पीळ उलगडतो. पहिल्या खेपेला काही झालं नाही. दुसऱ्या खेपेनंतर शर्वरी चिखलात आडवी झाली आणि तिनं पुन्हा हात घातला. पीळ अर्धा सुटला होता.

आणि तेव्हा तो आला. न सांगता, सरळ. घशात गोळा, बोटं बधिर, कानात गूं गूं. माळ मोठा मोठा व्हायला लागला.

ती हात काढणार होती. तिनं काढला नाही.

"ऐका," ती मोठ्यांदा म्हणाली. "मला आत्ता एक झटका आलाय. भीतीचा. मी मरणार नाही, म्हशीलाही काही होणार नाही. माझा आवाज कापेल, हात थरथरेल. दहा-पंधरा मिनिटं. तोवर मी सांगते तसं करा. कुणीतरी माझ्या पाठीशी बसा."

धुळाजीची सून सगुणा पदर खोचून तिच्या मागं चिखलात बसली आणि तिनं पाठीला गुडघा टेकवला. "बसले, ताई. सांगा."

"आणखी एकदा. डावीकडंच. फळीवरचा माणूस हलला नाही पाहिजे."

म्हैस वळली. शर्वरीच्या डोळ्यांपुढं काजवे चमकत होते, पण बधिर बोटांभोवतीची वाट एकाएकी सैल झाली, उघडली, आणि कोमट पाण्याचा लोट हातावरून बाहेर आला. माणसांनी ओरडा केला. तिनं चाचपडून खूर शोधला. मग दुसरा. दोरी अडकवताना ती दोनदा निसटली. तिसऱ्यांदा बसली.

पाऊण तासानं रेडकू जमिनीवर होतं. शर्वरीनं त्याच्या नाकात काडी घालून शिंकवलं, छाती चोळली. त्यानं मान टाकली, उचलली, पुन्हा टाकली. सगुणानं गोणपाटानं त्याला खरखरून पुसलं. म्हैस वळून हुंगायला लागली.

झटका कधी ओसरला ते शर्वरीच्या ध्यानातही आलं नव्हतं.

धुळाजी काठी टेकत जवळ आला. त्यानं विचारलं, "ते मगाशी आलतं, ते परत येतं का?"

"येतं."

"मग कसं करायचं?"

शर्वरीनं चिखलानं आणि रक्तानं माखलेला हात पुढं केला.

"आधी हात धुवायला पाणी द्या, आजोबा. आणि म्हशीची वार पडेपर्यंत मी इथंच बसते."